समाजकार्याचे शिक्षण आणि कायद्याची जाण

पत्रकार शीला बारसे यांनी १९८२ सालच्या मे महिन्यात मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. आणि वस्तुस्थिती जाणून घेण्यासाठी ज्यांना तुरुंगात पाठविले ते कोणी निवृत्त न्यायाधीश नव्हते, नामवंत वकील नव्हते, पोलीस अधिकारी तर नव्हतेच. निर्मला निकेतन या मुंबईच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. (समाजशास्त्रज्ञ ए. आर. देसाई ते हे नव्हेत, नामसादृश्य तेवढे.) अन्य कोणीही हजर नसताना त्यांनी या स्त्रियांशी बोलावे व न्यायालयाला अहवाल द्यावा, असा आदेश होता.

त्या अहवालात छळाची चौकशी होतीच; पण न्यायालयाला अधिक मोलाचे वाटले ते त्यातून दिसून आलेले दुसरेच वास्तव. या स्त्रियांना वकील मिळत नव्हता, मिळाला तर तो फसवीत होता, आणि आपल्या खटल्याचे पुढे काय झाले हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. स्त्री-संशयितांसाठी स्त्री-पोलिसांच्या पहाऱ्यातील स्वतंत्र कोठड्या, स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, अटक होताच विधी साहाय्य समितीला व नातलगाला खबर, न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी देणे, असे आदेश त्यात होते. पुढे या विषयावर जे नियम आणि कायदे झाले त्यांची पायवाट येथून निघते.

या घटनेचे स्मरण करण्याचे कारण एवढेच की समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडून समाजाला काय मिळू शकते याचा असा स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण. तुरुंगातल्या स्त्रीचा विश्वास संपादन करणे, तिला बोलते करणे, तिचे मौनही समजून घेणे, ही समाजकार्याची विद्या. परंतु एवढ्यावर थांबणाऱ्या व्यक्तीने या स्त्रियांच्या दुःखाचे हृदयद्रावक वर्णन लिहून दिले असते आणि न्यायालयाने हळहळ व्यक्त करून कागद फायलीत ठेवले असते. काय नाही आणि ते असावयास हवे होते, एवढे दाखविता आले तरच दुःखाचे रूपांतर आदेशात होते. त्यासाठी कायद्याची जाण लागते.

आज आपल्या समाजकार्य महाविद्यालयांतून ही जाण दिली जाते काय? कायद्याचा म्हणून एक पेपर बहुतेक ठिकाणी असतो. सामाजिक विधिविधान अशा काहीशा भारदस्त नावाने तो ओळखला जातो. त्यात हुंडा प्रतिबंधापासून किमान वेतनापर्यंत कायद्यांची यादी असते, प्रत्येकाचे वर्ष, उद्दिष्टे व ठळक तरतुदी. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी मार्गदर्शिकेतून कलमांचे क्रमांक पाठ करतो. या पाठांतराची किंमत १ जुलै २०२४ रोजी उघड झाली. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले ४९८-अ हे कलम ८५ व ८६ या क्रमांकांत गेले. क्रमांक पाठ असणाऱ्याची विद्या एका दिवसात जुनी झाली. तक्रार कोणाकडे करावयाची, ती घेण्याचे कर्तव्य कोणावर, किती दिवसांत काय झाले पाहिजे आणि न झाल्यास कोणाचे दार ठोठवायचे, हे ज्याला ठाऊक होते त्याचे फारसे काही बिघडले नाही.

या उणिवेचे मूळ समाजकार्य-शिक्षणाच्या जन्मातच काही अंशी आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन गृहस्थाने नागपाड्याच्या वस्तीत काम केले आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. त्या काळच्या अमेरिकन विचाराप्रमाणे व्यक्तीला साहाय्य करणे, तिला परिस्थितीशी जुळवून घेण्यास मदत करणे, हा या विद्येचा गाभा मानला गेला. मॅन्शार्ट यांच्या कळकळीविषयी शंका नाही. पण ज्या देशात माणसाची अडचण त्याच्या मनात कमी आणि त्याच्या मजुरीत, झोपडीखालच्या जमिनीत, जातीत अधिक असते, तेथे परिस्थितीशी जुळवून घेण्याचा सल्ला देणे म्हणजे ती परिस्थिती मान्य करण्याचाच सल्ला ठरतो.

मुंबईतल्या समाजसेवेच्या पहिल्या पिढीला हे अनुभवाने कळले होते. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली ती गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालविण्यासाठी. कामगारांच्या चाळींतून हिंडताना त्यांच्या ध्यानात आले की यंत्रात हात गेलेल्या माणसाला वाचनालयाचा उपयोग नाही. दहा वर्षांच्या आत ते आयटकच्या स्थापनेत होते, आणि त्यानंतर केंद्रीय विधिमंडळात दोन तपांहून अधिक काळ कामगारांच्या बाजूने एकेका तरतुदीसाठी झगडत होते. सेवेपासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास त्यांनी कोणत्याही अभ्यासक्रमावाचून केला. आज अभ्यासक्रम आहे, पदवी आहे, आणि प्रवास मात्र अनेकदा उलट दिशेने होताना दिसतो.

कारण उघड आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकारमानाच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले. पदवीधरांना नोकऱ्या देणाऱ्या कित्येक संस्था आता या निधीवर उभ्या आहेत. त्यातून शाळेला बाके मिळतात, गावाला पाण्याची टाकी मिळते, शिलाई यंत्रे वाटली जातात. ठेकेदाराविरुद्ध किमान वेतनाचा दावा लढविण्यासाठी या निधीतून पैसा मिळाल्याचे ऐकिवात नाही. या व्यवहाराने एक शब्द घरोघर नेला आहे: लाभार्थी. लाभ हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, त्याची तारीख देणारा ठरवितो, आणि छायाचित्रात हात जोडण्याचे काम घेणाऱ्याकडे असते. हक्कदार हा शब्द त्यामानाने अडचणीचा, कारण त्याच्यापुढे कोणाचे तरी कर्तव्य उभे राहते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला कायदा ठाऊक नसेल तर तो नकळत हक्कदाराचा लाभार्थी करीत राहतो.

उदाहरण रोजच्या अनुभवातले घ्यावे. वस्तीत क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्या विद्यार्थिनीकडे एखादी स्त्री येते. नवरा मारतो, सासू घराबाहेर काढते. विद्यार्थिनीने समुपदेशनाचे तंत्र शिकलेले असते. ती तिचे ऐकून घेते, नवऱ्याला बोलावते, दोघांना समोरासमोर बसविते, आणि समेट घडवून आणते. प्रकरण-नोंदीत 'यशस्वी' असा शेरा पडतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यान्वये त्या घरात राहण्याचा या स्त्रीला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रयत्न करावा, असे त्या कायद्यात लिहिले आहे. आणि कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. यातले काहीच तिला सांगितले गेले नाही. मग तो समेट कसला? घराबाहेर पडलो तर रस्ता, अशा समजुतीने ज्या स्त्रीने मान डोलावली तिने निवड केली असे म्हणता येत नाही. २००५ च्या या कायद्याने, तक्रार ऐकणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर, संरक्षण अधिकाऱ्यावर आणि नोंदणीकृत सेवाभावी संस्थेवर त्या स्त्रीला तिचे हक्क सांगण्याचे कर्तव्यच टाकले आहे. समेट करूच नये असा याचा अर्थ नाही. हक्क कळल्यानंतर केलेला समेट आणि न कळता केलेला समेट यांत महदंतर आहे, एवढेच. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेने १९८४ साली स्त्रियांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला त्याचे वेगळेपण यातच होते. तेथे समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आत बसून, त्या यंत्रणेला तिच्या कर्तव्याची आठवण देत काम करू लागली. पुढे हे कक्ष राज्यात अन्यत्रही निघाले.

कायद्याच्या अज्ञानाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे. श्रीमंताचे अज्ञान वकील भरून काढतो. ते बाजारात विकत मिळणारे ज्ञान आहे. गरिबाच्या बाबतीत ते अज्ञान दिवसांच्या रूपाने वसूल होते. तुरुंगातल्या कच्च्या कैद्याकडे पाहावे. त्याला जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. रोख रक्कम भरण्याची ऐपत नसते. जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती कोणी केलेली नसते. प्रत्येक दिवसामागे एक रोज बुडतो, घरी उधारी वाढते, मुलगा शाळा सोडून कामाला लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, मृत्युदंड अथवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावयाचे असते. यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एकतृतीयांश काळातच सोडावयाचे असते. आणि तो काळ पुरा होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर मात्र ही सवलत मिळत नाही. तेव्हा कोणीतरी हिशेब ठेवला पाहिजे: गुन्हा कोणता, कमाल शिक्षा किती, अटक कधीची, दुसरा खटला आहे की नाही. या हिशेबाला वकिलीची सनद लागत नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि तरतुदीची माहिती पुरते. टाटा संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पातील समाजकार्यकर्ते तुरुंगांत व न्यायालयांत अशा प्रकारचे काम १९९० पासून करीत आले आहेत. राज्यातील दर समाजकार्य महाविद्यालयाने आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात दोन विद्यार्थी नियमित पाठवावयाचे ठरविले तर किती संसार वाचतील!

येथवर समाजकार्यकर्ता गरिबाच्या बाजूला उभा आहे असे गृहीत धरले. पण कायद्याने त्याला पुष्कळदा टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसविलेले असते, आणि तेथे त्याचे अज्ञान अधिक घातक ठरते. मुंबई भीक प्रतिबंध कायदा १९५९ चा. त्यातील भीक मागण्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांचा समावेश आहे; उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना भटकणेही त्यात येते. म्हणजे डोंबारी, वासुदेव, नंदीवाला आणि कामाच्या शोधात आलेला बेघर मजूर हे सारेच एका जाळ्यात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची त्यात सोय आहे. आणि हा निर्णय घेताना न्यायालयापुढे असतो तो परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे बहुधा समाजकार्याच्या पदवीधराचा अहवाल. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्याच्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालाचा अंमल दिल्लीपुरता. मुंबईचा कायदा दिल्लीत कोसळला आणि मुंबईच्या समाजकार्य-जगतात त्याचा म्हणावा तसा गाजावाजा झाला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भिक्षेकरी गृहात क्षेत्रकार्याला जाणारा विद्यार्थी तेथील माणसांच्या व्यसनांची नि कौटुंबिक इतिहासाची टिपणे काढतो. ही माणसे कोणत्या अधिकाराने येथे बंद आहेत, हा पहिला प्रश्न त्याला कोणी विचारावयास शिकविलेला नसतो.

बाल न्याय मंडळाची गोष्ट याहून थेट आहे. २०१५ च्या कायद्याप्रमाणे या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी निदान एक स्त्री. मतभेद झाला तर बहुमताचा निर्णय चालतो. म्हणजे दोन समाजकार्यकर्ते एकत्र आले तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या मताविरुद्ध निर्णय होऊ शकतो! आपल्या न्यायव्यवस्थेत सामान्य नागरिकाला दिलेला एवढा अधिकार क्वचितच आढळेल. व्यवहारात हे सदस्य पुष्कळदा न्यायदंडाधिकाऱ्यांनी लिहिलेल्या आदेशावर सही करून मोकळे होतात, अशी तक्रार ऐकू येते; आणि त्याचे मूळ कायद्याच्या धास्तीत आहे. मुलाला जामीन देणे हा नियम आणि नाकारणे हा अपवाद, सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावयास हवा, या गोष्टी ज्याला छातीठोकपणे ठाऊक नाहीत तो खुर्चीवर बसूनही प्रेक्षकच राहणार. आणखी एक विनोद या कायद्यात आहे. मंडळावरील सामाजिक कार्यकर्त्याची पात्रता सांगताना, मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव नसेल तर कोणत्या पदव्या चालतील, त्या मोजून दिल्या आहेत: बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र, कायदा. त्यात कायदा आहे. समाजकार्य नाही!

लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याने तर विद्यार्थ्याच्या हातून अनवधानाने गुन्हा घडू शकतो. अशा अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हा त्या कायद्याखाली शिक्षापात्र अपराध आहे, आणि समाजकार्यकर्त्याला त्यातून सूट नाही. वर्गात त्याला गोपनीयतेचे तत्त्व शिकविले जाते. वस्तीतील मुलगी 'कोणाला सांगू नका' म्हणत त्याच्याजवळ मन मोकळे करते. मग त्याने करावे काय? कळवावे तर लागेलच. पण ते त्या मुलीला आधी कसे सांगावे, तिच्यासोबत कोणी राहावे, जबाब तिच्या घरी घेता येतो हे कोणाला ठाऊक असावे, या गोष्टींची तयारी वर्गात झाली पाहिजे; प्रसंग ओढवल्यावर नव्हे.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या मनात या साऱ्याविषयी एक जुनी शंका असते, आणि ती अनाठायी नाही. कायदा सत्ताधाऱ्यांचा, न्यायालये खर्चिक, तारखांच्या फेऱ्यांत लढ्याची धार जाते. कार्यकर्त्याचा अर्धवट वकील झाला की मोर्चा काढावयाचे तो विसरतो. असे झाल्याची उदाहरणे आहेतच. परंतु महाडची आठवण या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे सी. के. बोले यांचा मुंबई विधिमंडळातील १९२३ चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता. डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर गेले ते कागदावर मिळालेला हक्क पाण्यात उतरविण्यासाठी. सवर्णांनी दिवाणी दावा लावला, डिसेंबरात तात्पुरती मनाई मिळविली. आणि मग दहा वर्षे तो दावा चालवून १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला गेला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि कालापासूनची असल्याचे सिद्ध होत नाही, हे न्यायालयाकडून वदवून घेतले गेले. सत्याग्रह मोठा की दावा, असा प्रश्न तेथे कोणी घातला नाही. माथाडी कामगारांचा १९६९ चा कायदा, रोजगार हमीचा १९७७ चा कायदा, वनहक्कांचा २००६ चा कायदा, यांतला एकही वरून बहाल झालेला नाही. लढ्याने मिळविलेला कायदा वापरावयास माणसे नसतील तर तो मिळविणाऱ्यांचे श्रम वाया जातात.

गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्या गावात अभ्यासगट वर्षानुवर्षे चालत होता. कायदा आला तेव्हा तो वाचावयाची गावाची तयारी झालेली होती. अन्यत्र किती तरी वैयक्तिक दावे पुराव्याअभावी म्हणून फेटाळले गेले. कागदी पुरावा नसला तरी गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा ठरतो, असे नियमांत स्पष्ट म्हटले आहे. ते निवेदन लिहून घेण्यास, त्याला जोड म्हणून दुसरा एक पुरावा शोधण्यास, आणि दावा फेटाळल्याचे लेखी कारण मागण्यास कोणी तरी साक्षर माणूस पाड्यावर हजर असावयास हवा होता.

रोजगार हमीच्या कामांवर राबलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना एक कागद चांगला आठवत असेल: कामाच्या मागणीचा अर्ज. १९७७ च्या कायद्याप्रमाणे मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकार भत्ता देय होत असे. पण पंधरा दिवस मोजावयाचे कधीपासून? अर्जावर मिळालेल्या तारखेच्या पोचेपासून. कारकून अर्ज घेई, पोच देत नसे. आणि पोच नाही म्हणजे मागणीच झाली नाही, असा सरकारी न्याय. सारा कायदा त्या एका शिक्क्यावर येऊन अडे. ज्या गावात कोणी पोच घेतल्याखेरीज कचेरीतून हलत नसे, त्या गावाला काम मिळे. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला कायदा शिकवावयाचा तो या पद्धतीने. वर्गातली व्याख्याने कमी करून त्याला तालुका विधी सेवा समितीत बसवावे, तहसील कचेरीच्या खिडकीवर उभे करावे, माहिती अधिकाराचे पहिले अपील त्याच्या हाताने लिहवून घ्यावे. हमाल, बांधकाम मजूर, घरकामगार यांच्या संघटनांनी आणि पक्षाच्या तालुका कार्यालयांनी या विद्यार्थ्यांसाठी आपली दारे उघडली, तर मजुरांचे अर्ज लिहिण्यास हात मिळतील आणि महाविद्यालयांना क्षेत्रकार्याची खरी जागा मिळेल. जून महिन्यात नवे वर्ग भरतात आणि क्षेत्रकार्याच्या संस्थांची यादी तेव्हाच ठरते. कार्यालयांनी आपापल्या जिल्ह्यातील प्राचार्यांना पत्रे त्यापूर्वी पाठवावीत, आणि त्यांचीही पोच घ्यावी.